हंगाम कापसाचा, हंगाम मांडवाचा

यवतमाळ जिल्ह्यात 'हंगाम' म्हटलं की आधी कापूस डोळ्यांपुढे येतो. दसऱ्याच्या मागेपुढे पहिली वेचणी सुरू होते. त्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही केली जाते, आणि पुढचे तीन-चार महिने घरात, जिनिंगच्या फाटकाशी, बाजार समितीच्या आवारात बोलणं फिरून फिरून भावावरच येतं. शहरात देवीचे मांडव उभे राहतात ते याच महिन्यांत. दिवाळी पहाटेच्या मैफली, हिवाळ्यातले साहित्य-संगीताचे मंचही याच काळातले. या दोन हंगामांचं नातं नुसत्या तिथीचं नाही. मांडवाची वर्गणी, कलावंतांचं मानधन, पाहुण्याला नवं लुगडं, सगळं शेवटी बोंडातूनच येतं. म्हणून गेल्या पन्नास वर्षांतल्या इथल्या सणासुदीच्या मंचांकडे मागे वळून पाहताना किती मोठे गायक येऊन गेले, याची यादी फारसं काही सांगत नाही. मंचावर कोण उभं होतं आणि समोर कोण बसलं होतं, हा प्रश्न धरला तर बरंच काही उलगडतं. माझं म्हणणं असं की या जिल्ह्यात जे सादरीकरण इथल्या माणसाला मंचावर घेऊन गेलं तेच टिकलं. बाकीचं कितीही देखणं असलं तरी पाहुणं म्हणून आलं आणि पाहुण्यासारखंच गेलं.

पुरावा शहराबाहेरून सुरू होतो. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे पलीकडे आदिलाबादच्या आणि अलीकडे केळापूर, झरी जामणीच्या गोंड-कोलाम वस्त्यांत, दिवाळी ही दंडारीची असते. मोरपिसांचे भव्य टोप घातलेले, अंगाला राख फासलेले घुसाडी नाचत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. तिथे त्यांचं पाहुण्यासारखं स्वागत होतं, आणि पुढे ते गाव परतभेट देतं. म्हणजे आजचा प्रेक्षक हा उद्याचा नाचणारा. तिकीट नाही आणि मानधनही नाही, आहे ती देवाणघेवाण. याच कलेसाठी पलीकडच्या मारलवाई गावच्या कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड भागातल्या बंजारा तांड्यांत दिवाळीच्या रात्री कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागतात. ज्या मुलीचं पुढे लग्न होणार, तिची ही तांड्यातली शेवटची दिवाळी असू शकते, म्हणून त्या गाण्यात आनंदाबरोबर निरोपही असतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुली रानातली फुलं आणून गोधनाची पूजा करतात. या दोन्ही परंपरांना सभागृह लागत नाही. मात्र ज्याला आपण 'कार्यक्रम' म्हणतो त्याचे सगळे घटक त्यांच्यात आहेत: तालीम आहे, वेष आहे, ठरलेला क्रम आहे, आणि बारकावे जाणणारा, चूक झाली तर ओळखणारा श्रोताही आहे.

शहराने वेगळी वाट धरली. यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असं इथे अभिमानाने सांगितलं जातं. ही क्रमवारी कोणी मोजली आहे का, हा वाद बाजूला ठेवला तरी एवढं खरं की या शहराने आपली सार्वजनिक ओळख नाट्यगृहात शोधली नाही, ती मांडवात शोधली. चौकाचौकांतली आरास, देखावे आणि ते पाहायला खेड्यांतून रात्री येणारी कुटुंबं हे यवतमाळचं खरं रंगमंदिर. त्याला भिंती नाहीत, म्हणून कापूस विकायला आलेल्या माणसालाही तिथे सहज शिरता येतं. याच शहराने 1973 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद घेतलं. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, ज्यांची गीतं आकाशवाणीने घराघरांत आधीच पोहोचवली होती. 1972-73 ही महाराष्ट्राच्या स्मरणातल्या भीषण दुष्काळाची वर्षं होती, आणि कापूस एकाधिकार खरेदी योजनाही 1972 पासूनचीच. म्हणजे या पन्नास वर्षांच्या आरंभीच टंचाई आणि उत्सव हातात हात घालून उभे होते.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात रोषणाई, गाणी, मैफली हव्यातच कशाला? हा आक्षेप केवळ भावनेचा नाही. 2006 च्या जुलैमध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होतं. 2017 च्या पावसाळ्याच्या शेवटी कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ऐन नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर रुग्णालयात खाटा भरलेल्या होत्या. अशा वर्षी मांडवापुढे ढोल वाजतो तेव्हा तो कानांना बोचतो, हे मान्यच करायला हवं. पण आक्षेप घेणारे एक गृहीत धरून चालतात: उत्सव म्हणजे दुःखाकडे पाठ. दंडारी आणि मेरा पाहिले तर हे गृहीत टिकत नाही. दुष्काळाच्या वर्षी घुसाडीचा टोप पेटीतच राहत नाही, कारण तो नाच सुबत्तेचं प्रदर्शन नाही, ती गावांनी एकमेकांची घेतलेली विचारपूस आहे. बोचतो तो विकत आणलेला उत्सव, ज्यात दुःखी माणसाला श्रोत्यांच्या मागच्या रांगेशिवाय जागाच नसते. म्हणजे दोष गाण्याचा नाही, मांडणीचा आहे.

याची सर्वांत ठळक साक्ष 2019 च्या जानेवारीत मिळाली. 11 ते 13 या तारखांना 92 वं साहित्य संमेलन पोस्टल मैदानावर भरलं, माडगूळकरांनंतर तब्बल 46 वर्षांनी. त्या हंगामात राज्यातले 151 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झालेले होते. अध्यक्षपदी अरुणा ढेरे यांची निवड निवडणुकीविना झाली होती, ही त्या संमेलनाची जमेची बाजू. पण उद्घाटनाचं निमंत्रण नयनतारा सहगल यांना देऊन ऐनवेळी मागे घेतलं गेलं, आणि त्यावरून साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. निमंत्रण मागे घेणं चुकीचंच होतं. पुढे जे घडलं त्यामुळे ती चूक पुसली जात नाही. मात्र त्या रिकाम्या जागेवर कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे आल्या, शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत काम करणारी बाई. संमेलनाच्या मंचावरून बहुधा प्रथमच या जिल्ह्याने स्वतःविषयी स्वतःच बोललेलं देशाने ऐकलं. काहींनी याला प्रतीकबाजी म्हटलं. उद्घाटनापुरती बाई उभी केली, पुढचे दिवस पुन्हा नेहमीचेच, असा त्यांचा रोख. हा मुद्दा मी अर्धा मानतो, कारण संमेलनाच्या चौकटीत त्यापुढे फारसं काही बदललं नाही. उरलेला अर्धा मात्र 'तेरवं'ने खोडून काढला. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या या नाटकात स्वतः शेतकरी विधवांनी भूमिका केल्या, आणि वैशाली येडे त्यांच्यापैकी एक. प्रतीक एका दिवसापुरतं असतं. नाटकाला पाठांतर लागतं, तालमी लागतात, रात्रीचे प्रवास लागतात, आणि शोकाला दर प्रयोगात नव्याने सूर लावावा लागतो. ज्या बाईला गावाने कोपऱ्यात बसायला सांगितलं, ती प्रकाशात उभी राहून बोलते, हे काम कोणत्याही पॅकेजमध्ये मावणारं नव्हतं.

दुसरा आक्षेप दर्जाचा. बाहेरचे मोठे कलावंत आले नाहीत तर कान तयार कसे होणार? प्रश्न रास्त आहे, आणि वऱ्हाडाने संगीत नाटक मंडळ्यांच्या मुक्कामांतून आपले कान तयार केले, हेही खरं. पण वणीकडे पाहावं. तिथल्या महाविद्यालयाचे प्राचार्य राम शेवाळकर यांनी आपल्या वाणीने मराठी मुलखातली सभागृहं भरली, हृदयनाथ मंगेशकरांच्या स्वरांबरोबर ज्ञानेश्वरांवरचं निरूपण केलं, आणि 1994 च्या पणजी संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हा माणूस जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहून घडला. दर्जा रेल्वेने आयात करावा लागतो, हा समज एवढ्या एका उदाहरणाने ढासळतो. बाहेरचा कलावंत यावाच. त्याच्याबरोबर इथला कोणी मंचावर बसतो का, इतकंच पाहायचं.

दिवाळी पहाटेचा विचारही असाच करावा लागतो. गेल्या तीन-चार दशकांत मुंबई-पुण्याकडून पसरलेली ही प्रथा आता विदर्भातल्या शहरांतही रुजली आहे. तिच्यामागे ध्वनिक्षेपकांचा नियमही आहे. 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद केले, वर्षातले मोजकेच दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत ठेवली. रात्रभर चालणारी भजनं, खडीगंमत यांना शहरात जागा उरली नाही आणि पहाटेला किंमत आली. पूर्वेकडे वडसा-देसाईगंज भागात मात्र झाडीपट्टीची नाटकं आजही भाऊबीजेपासून पुढे मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने रात्र जागवतात. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, मांडव घालतं, तिकिटं विकतं, आणि 2023 साली परशुराम खुणे यांच्या रूपाने त्या रंगभूमीला पद्मश्री मिळाली. यवतमाळात हे का झालं नाही? मला वाटतं, उत्तर पिकात आहे. धान एकदम घरात येतं, आणि खाऊन उरलेलं विकलं जातं. कापूस वेच्या-वेच्याने येतो आणि प्रत्येक वेच्यावर कृषी केंद्राची उधारी, सावकाराचा हिशेब आधीच बसलेला असतो. तिकिटाचा पैसा अशा घरातून निघणं कठीण, म्हणून इथला मंच वर्गणीवर आणि प्रायोजकावर चालला. प्रायोजकाला ओळखीचा चेहरा हवा असतो, आणि तो बहुधा बाहेरून येतो.

2020 साली टाळेबंदीत शासनाने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आणली आणि गरबा बंद ठेवला, तेव्हा पाहुणे थांबले, रोषणाई विझली. मेरा मागायला मात्र मांडवही लागत नाही आणि प्रायोजकही लागत नाही. हातात दिवा असला आणि पाठ केलेलं गाणं असलं, की त्या मुलीला तांड्यातल्या पुढच्या दारापर्यंत जाता येतं.