शेड हलकी असली, तरी पाया भक्कम हवा!

शहरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर घेतलेला लहानसा भूखंड, त्यावर लावलेली चार फळझाडे आणि कोपऱ्यात अवजारे, खते व पंपाचे सामान ठेवण्यासाठी उभारलेली पत्र्याची शेड, हे चित्र आता अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहे. बंगल्याच्या परसातही अशी शेड हमखास दिसते. मात्र ती उभारताना, 'एवढ्या हलक्या शेडला पाया कशाला हवा?' असे म्हणून वरवरची माती खरवडली जाते, घमेलेभर मुरूम पसरला जातो आणि त्यावर फरशा अंथरून काम उरकले जाते. पहिल्या पावसाळ्यात शेडचे दार चौकटीत अडकू लागते. पुढच्या उन्हाळ्यात फरशीला मधोमध तडा जातो. दोष शेड बांधणाऱ्या कारागिराला दिला जातो; खरा दोष असतो पायाखालच्या मातीकडे झालेल्या दुर्लक्षाचा.

पुणे, नाशिक, सोलापूर, लातूर अशा दख्खनच्या पठारी भागात अनेक ठिकाणी बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली काळी माती आढळते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याची रचना एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांसारखी असून, पाणी मिळताच ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आक्रसते व तिला भेगा पडतात. जमिनीची ही हालचाल दरवर्षी होत राहते.

येथेच सर्वसामान्य समजूत आणि वस्तुस्थिती यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. जड इमारतीचे वजन फुगणाऱ्या मातीला काही प्रमाणात दाबून ठेवते. पत्र्याची शेड आणि तिची जमीन यांचा भार मात्र चौरस मीटरमागे एक टनही भरत नाही. उलट फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलणारा दाब त्याच्या अनेकपट असू शकतो. म्हणजे शेड हलकी म्हणून सुरक्षित नसते, तर हलकी म्हणूनच उचलली जाते. त्यातही कडेची माती आधी भिजते व मधली कोरडी राहते. त्यामुळे उचल सर्वत्र सारखी नसते आणि बांधकाम तडकते.

प्रथम आपली माती ओळखावी. उन्हाळ्यात जमिनीला रुंद भेगा पडत असतील आणि ओली माती बुटाला गोळ्यागोळ्याने चिकटत असेल, तर ती फुगणारी आहे असे समजावे. प्रयोगशाळेत यासाठी एक सोपी चाचणी करतात. चाळलेली कोरडी माती दोन नळ्यांत सारख्या प्रमाणात घेऊन एकीत पाणी व दुसरीत केरोसीन भरतात. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे २४ तासांनंतर दोन्ही नळ्यांतील फरकावरून फुगण्याचे प्रमाण काढता येते. त्यानंतर पहारीने दोन-तीन ठिकाणी खोली तपासावी. दोन-तीन फुटांवर मुरूम लागत असेल, तर काळी माती पूर्ण काढून टाकणे हाच उत्तम मार्ग. कोकणात जांभ्याची घट्ट जमीन असेल, तर हा सारा खटाटोप करावा लागत नाही. पालापाचोळ्याची वरची भुसभुशीत माती काढली की बहुधा काम भागते.

काळ्या मातीचा थर खोल असेल, तर वरची माती काढून तेथे न फुगणारी माती दाबून बसवावी. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर केलेल्या संशोधनातून, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर खालच्या मातीचा फुगवटा आटोक्यात ठेवतो, हे दाखवून दिले. कालव्यांच्या अस्तराखाली हे तंत्र वापरले गेले. शेडसाठी दोन फुटांचा थर हा खर्च आणि उपयोग यांचा चांगला मेळ ठरतो. हालचाल त्याने पूर्णपणे थांबत नाही, परंतु ती कमी व बरीचशी एकसारखी होते.

उदाहरणादाखल १० फूट लांब व ८ फूट रुंद शेड घेऊ. चारही बाजूंनी एक फूट जादा धरून १२ बाय १० फुटांचा खड्डा आखावा. दोन्ही कर्ण सुमारे १५ फूट साडेसात इंच भरले, म्हणजे आखणी काटकोनात आहे. दोन फूट खोदाई केल्यास २४० घनफूट, म्हणजे २.४ ब्रास माती निघते. ती बागेच्या वाफ्यांना वापरावी, भरावात परत टाकू नये. खोदकाम शक्यतो दिवाळीनंतर करावे. त्या वेळी जमीन चिखलासारखी नसते आणि भेगाळलेलीही नसते.

भरावासाठी किंचित मातकट, पिवळा किंवा तांबडा मुरूम घ्यावा. निव्वळ खडी किंवा वाळू भरल्यास काळ्या मातीतला खड्डा हौदासारखा पाणी साठवतो आणि करायला गेलो एक, झाले भलतेच, अशी गत होते. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सुमारे तीन ब्रास मागवावा. सहा-सहा इंचांचे थर पसरून, पाणी शिंपडून, प्रत्येक थर धुमसाने किंवा भाड्याच्या यंत्राने ठोकून घ्यावा. मुरूम मुठीत आवळल्यावर गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये, इतकेच पाणी पुरेसे असते. सगळा मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडणे ही नेहमीची चूक होय.

भराव जमिनीच्या पातळीला आला की कडेने ११ बाय ९ फुटांची दगडाची किंवा विटांची किनार सिमेंटमध्ये बांधावी. आत सहा इंच दगडी सोलिंग करून सांधी बारीक मुरुमाने भराव्यात. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. मग १:२:४ प्रमाणाचे चार इंच काँक्रीट जाळीसह घालावे. यास सुमारे सहा पोती सिमेंट लागते. शेडचे खांब येतील तेथे एक फूट लांब, रुंद व खोल ठोकळे ओतून त्यांत बोल्ट बसवावेत. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, ते बहुधा खांब नीट जखडलेले नसल्यामुळे. पृष्ठभागाला दाराच्या दिशेने किंचित उतार द्यावा आणि किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे. या काळात कंजूषी केल्यास चांगले सिमेंटही वाया जाते.

एवढे करूनही निम्मे काम उरतेच, ते म्हणजे पाणी दूर ठेवणे. शेडभोवती तीन फूट रुंदीची, बाहेर उतरती काँक्रीटची पट्टी करावी. पन्हळीचे पाणी नळाने दूर सोडावे. शेडला खेटून हिरवळ किंवा ठिबकची नळी नको. मोठे झाडही शक्यतो त्याच्या उंचीइतक्या अंतरावर असावे. झाडाची मुळे मातीतले पाणी शोषतात आणि त्या बाजूची जमीन खचते. कायमस्वरूपी बांधकामाबाबत स्थानिक प्राधिकरणाकडे आधी चौकशी करणेही हिताचे.

शेड पत्र्याची असो वा विटांची, ती पुढे बदलता येते, मोठी करता येते. पायाखाली राहिलेली काळी माती मात्र नंतर काढता येत नाही. म्हणून शेडचा रंग आणि आकार ठरवण्याआधी एक दिवस पहार आणि फावडे घेऊन जमिनीशी ओळख करून घ्यावी. पुढच्या अनेक पावसाळ्यांत दार विनातक्रार उघडेल, तेव्हा त्या एका दिवसाचे मोल कळेल.