मार्चअखेरची शिल्लक

सरकारी रुग्णालयाचा हिशेब तपासताना नफा-तोट्याचा विचार आधी सोडून द्यावा लागतो. रुग्णाकडून बिल घ्यायचं नाही, पगार परस्पर खात्यात जमा होणार, मग तपासायचं काय? चेन्नईत मुक्काम ठेवून तमिळनाडूतली लहान रुग्णालयं तपासत फिरतो, त्यावरून सांगतो : आधी औषध भांडारात शिरायचं.

इथली सरकारी औषधखरेदी एग्मोरच्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाकडे आहे. स्थापना १९९४ची. महामंडळ औषधं घेऊन जिल्ह्याच्या गोदामात ठेवतं आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक देतं. वर्षाची मंजूर रक्कम त्यात जमा. औषध उचललं की तेवढी वजा. रोकड कुणाच्या हाती लागत नाही, त्यामुळे कंपनीच्या माणसाला डॉक्टरच्या दारात घुटमळायचं कारण उरत नाही. गोदामातल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळांकडे जातात. कुणाची गोळी तपासतोय हे तपासणाऱ्यालाच ठाऊक नाही. साऱ्या व्यवस्थेतली ही गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

चेंगलपट्टूच्या पुढे ३० खाटांचं एक रुग्णालय. मार्च संपत आलेला. फार्मासिस्ट बाईंनी कौतुकानं पासबुक पुढे केलं. भरघोस शिल्लक होती. “काटकसर केली, सार.” वरच्या कार्यालयात अशा शिल्लकीला शाबासकीही मिळत असेल. मी रॅक बघायला लागलो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा कप्पा मोकळा, साठ्याची नोंद ठेवायच्या बिन कार्डावर शेवटची नोंद जानेवारीची. शेजारी जंताच्या गोळ्यांचे खोके छताला टेकलेले, मुदत जूनपर्यंतची. मागणीपत्र काढलं तर गेल्या वर्षीचेच आकडे जसेच्या तसे उतरवलेले. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच द्यायची योजना राज्यात २०२१ पासून चालू आहे. रुग्ण शोधायचे आणि गोळ्या मात्र जुन्याच हिशेबानं मागवायच्या, हे जमायचं कसं? बाहेर बाकावरच्या आजींना विचारलं, गोळ्या इथूनच घेता ना? त्यांनी पिशवीतून मेडिकलची पावती काढून दाखवली. पासबुकात वाचलेला पैसा त्यांच्या कनवटीतून गेला होता. मग बाईंना घेऊन बसलो आणि ओपीडीच्या रजिस्टरातून मधुमेहाची नावं मोजायला घेतली. काम कंटाळवाणं, पण दुसरा इलाज नाही.

भांडारानंतर बाकीचं रुग्णालय. त्यासाठी हातात असलेल्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या तपासयादीत प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण असतात आणि प्रमाणपत्रासाठी एकूण ७० टक्के लागतात. बघा, कर्मचाऱ्यांना विचारा, नोंदी वाचा, रुग्णांशी बोला, या गुण ठरवायच्या चार वाटा. नोंदींवर माझा भरवसा कमी. लसींच्या फ्रीजचा तक्ता महिनाभर एकाच शाईत आणि तापमान सकाळ-संध्याकाळ नेमकं ४ अंश दिसलं, की तो एका बैठकीत भरलाय हे ओळखावं. त्यापेक्षा सिस्टरांना हात धुवून दाखवायला सांगावं. अंगठे विसरणारे बरेच निघतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ मध्ये सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली, विलंबाची ओरड झाली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. तमिळनाडूचा दाखला तेव्हाही दिला गेला. दाखला चांगलाच आहे, फक्त खरेदी सुधारली म्हणून मागणीपत्र आपोआप सुधारत नाही.

रेफरल रजिस्टर मी शेवटी उघडतो. चेंगलपट्टूपुढच्या त्या रुग्णालयात दिवसाची बाळंतपणं व्यवस्थित होत होती. रात्री आठनंतर जरा अडलेली प्रत्येक बाई १०८ रुग्णवाहिकेत बसवून जिल्ह्याच्या रुग्णालयाला. त्याचा खर्च इथल्या वहीत दिसत नाही, तो जिल्ह्याच्या वहीत आणि नातेवाइकांच्या खिशात दिसतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, “रात्री भूल द्यायला कुणी नाही. मी सुरी हातात घेऊ कशी?” पद भरण्यासाठी पाठवलेल्या पत्रांची फाइल त्यांनी टेबलावर ठेवली. गुण त्यांच्याच रुग्णालयाचे कापले जाणार आणि भरती मंडळ चेन्नईत. मी ० लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या पत्रांचे जावक क्रमांक एकाखाली एक उतरवले.