एआय गटात आणावं, पण आपल्या अटींवर



पाहुण्यांना सेवाग्रामचा आश्रम दाखवायला नेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते ना?" तेव्हा मी एका बक्षिसाची गोष्ट सांगते.

गांधीजी इथे आले १९३६ साली. त्याच्या सात वर्षं आधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. कशासाठी? सुधारलेल्या चरख्यासाठी, म्हणजे यंत्रासाठीच. पण अटी होत्या. ते खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालावं. बाईला त्यावर आठ तास फारसं न थकता काम करता यावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत हवा. आणि ते वीस वर्षं टिकावं.

यंत्र दारात येण्याआधीच, ते चालवणाऱ्या बाईच्या बाजूनं अटी लिहून ठेवल्या होत्या. आज आपल्या दारात, खरं तर आपल्या मोबाइलमध्ये, एक नवं यंत्र आलं आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, बोलताना एआय. आपल्या बचत गटांनी, शिवणकाम किंवा मसाल्याचा छोटा धंदा करणाऱ्या बायकांनी ते वापरावं का? माझं उत्तर आहे, वापरावं. पण अटी आपण लिहाव्या.

आमचंच उदाहरण सांगते. आम्ही हळद दळून विकतो. पाकिटावर छापायला चार ओळी हव्या होत्या. एका मुलीनं मोबाइलवर एआयला विचारलं. अर्ध्या मिनिटात असा सुरेख मजकूर आला की सगळ्या खूश! तिसऱ्या ओळीत मात्र लिहिलं होतं, ही हळद मधुमेह आणि कर्करोग बरा करते. आणि वर मोठ्या अक्षरांत, 'अस्सल वायगाव हळद'.

आता वायगावची हळद ही आपल्या जिल्ह्याची शान. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण आमची हळद वायगावची नव्हतीच! तिथल्या शेतकऱ्यांच्या मेहनतीचं नाव आम्ही आमच्या पाकिटावर लावलं असतं, तर ती चोरीच झाली असती. आणि रोग बरा करण्याचा दावा? कर्करोग, मधुमेह अशा आजारांवर इलाजाच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. तो दंड मोबाइल भरत नाही. पाकिटावर जिचं नाव, तिला भरावा लागतो.

मग एआय असं खोटं का लिहितं? ते मुद्दाम खोटं बोलत नाही. त्यानं आपली हळद पाहिलेली नाही, चाखलेली नाही. त्यानं जगभरचा अफाट मजकूर वाचला आहे आणि त्यावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, हे ते जुळवतं. हळदीबद्दल लोकांनी इंटरनेटवर वाटेल ते लिहून ठेवलं आहे, तेच आपल्यापुढे येतं. खरं असो की चूक, सांगण्याचा ठसका तोच. म्हणून आपण फसतो.

त्यानंतर आम्ही गटाच्या बैठकीत पाच अटी ठरवल्या.

पहिली अट, वाचल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. एआयनं लिहिलेलं प्रत्येक अक्षर दोघी जणी मोठ्यानं वाचतील आणि वहीत सही करतील. चूक झाली तर "मोबाइलनं लिहिलं" हे उत्तर चालणार नाही.

दुसरी अट, दुसऱ्याची माहिती त्यात घालायची नाही. गिऱ्हाइकांचे फोन नंबर, बायांचे आधार क्रमांक, कुणाचं किती कर्ज थकलं, यातलं काहीच नाही. २०२३ साली आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी, शेजारणीच्या अडचणीची गोष्ट आपण चव्हाट्यावर मांडली असती का?

तिसरी अट, भाव आपण ठरवायचा. आम्ही एआयला पाव किलोच्या पाकिटाची किंमत काढायला सांगितली. त्यानं कच्ची हळद आणि पाकीट धरलं. दळताना होणारी घट धरली नाही, गाडीभाडं धरलं नाही. आणि आमची मजुरी? तीही नाही. बाईचं काम हिशेबात न धरण्याची सवय माणसांची, ती यंत्रानंही उचलली. म्हणून काय काय धरायचं याची यादी आपण द्यायची आणि बेरीज पुन्हा कॅल्क्युलेटरवर तपासायची.

चौथी अट खर्चाची. सुरुवातीला फुकट असतं, मग महिन्याचे पैसे मागतात. समजा चारशे रुपये लागले आणि एका पाकिटामागे दहा रुपये सुटत असतील, तर चाळीस पाकिटं नुसती त्यापायी विकावी लागतील. तेवढी विक्री वाढते का, ते तीन महिने पाहायचं. नाही वाढली, तर बंद. आणि कागदाची वही मात्र कधीच बंद करायची नाही.

पाचवी अट, कुणाच्या हातचं काम काढून घ्यायचं नाही. आमच्याकडे हिशेब लिहिणाऱ्या ताईंना थोडं मानधन मिळतं. एआय आलं म्हणून ते थांबणार नाही. उलट त्यांनाच ते आधी शिकवायचं. एकाच मुलीला येत असेल, तर ती लग्न होऊन गेली की गट अडला. निदान तिघींना आलं पाहिजे.

या अटी पाळून आम्ही एआय वापरतो. नागपूरच्या दुकानदाराला हिंदीत पत्र लिहायचं असतं, बँकेचा इंग्रजी कागद समजून घ्यायचा असतो, तेव्हा फार उपयोग होतो. आधी त्यासाठी कुणाच्या तरी मुलाची वाट पाहावी लागायची. कागदावर सही मात्र बँकेत विचारून, खात्री करूनच करतो.

मैत्रिणींनो, तुमच्या अटी आमच्याहून वेगळ्या असतील. शिवणकाम करणारीच्या वेगळ्या, खानावळ चालवणारीच्या वेगळ्या. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोबाइल त्यानंतर उघडा.