पाणी पिऊनच घराबाहेर पडा

मैत्रिणींनो, डोंबिवली-कल्याणहून कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या कितीतरी जणी सकाळी पाणी प्यायचंच टाळतात. लोकलमध्ये शौचालय नसतं, स्टेशनवरचं स्वच्छ असेलच याची खात्री नसते. मग घरी येईपर्यंत लघवी रोखून धरायची! ही सवय अंगाशी येऊ शकते, म्हणून आज आम्ही तिच्याबद्दल बोलतोय.

मुलींचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर लांब असतो. त्यामुळे जंतू मूत्राशयात लवकर पोहोचतात. पुरेसं पाणी प्यायलं आणि दर 3-4 तासांनी लघवीला जाऊन आलं, की ते बाहेर टाकले जातात. लघवी गडद पिवळी दिसली, तर पाणी कमी पडतंय असं समजा. जळजळ होत असेल, सारखं जावंसं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सोबत थंडीताप किंवा पाठदुखी असेल तर त्याच दिवशी जा. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका.

यात लाजण्यासारखं काही नाही. 2011मध्ये मुंबईत बायकांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ चळवळ सुरू केली. तुमच्या कॉलेजातलं शौचालय बंद किंवा घाण असेल, तर चौघीजणी मिळून लेखी अर्ज द्या. मागितल्याशिवाय मिळत नाही.