पहाऱ्यावर बसवलेले वाळवंट

अमेरिका-मेक्सिको सीमेवर वाळवंटात माणसे मरतात, ही बातमी आता उष्म्याच्या बळींच्या बातमीइतकीच सवयीची झाली आहे. पण या मृत्यूंना सुरुवात आहे, आणि ती कागदावर सापडते. सप्टेंबर १९९३ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो शहरालगत सीमा गस्ती दलाचे तिथले प्रमुख सिल्व्हेस्त्रे रेयेस यांनी सुमारे वीस मैलांवर चारशे जवानांची सलग रांग उभी केली. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत ‘ऑपरेशन गेटकीपर’ ही तशीच मोहीम सुरू झाली. तिथल्या कुंपणाचे पोलादी पत्रे लष्कराच्या जुन्या साठ्यातले होते. हेलिकॉप्टर उतरवायला ते व्हिएतनाममध्ये जमिनीवर अंथरत. १९९४च्याच गस्ती दलाच्या आराखड्यात स्पष्ट लिहिले आहे, की शहरांतल्या वाटा बंद केल्या तर लोक जास्त खडतर मुलुखाकडे वळतील आणि तिथे त्यांना अडवणे सोपे जाईल. स्थलांतर खात्याच्या तेव्हाच्या आयुक्त डोरिस माइसनर यांनीही पुढे सांगितले, की भूगोल आपल्या मदतीला येईल असा सरकारचा कयास होता. तीस वर्षांचा मागोवा घेताना मला हे कागद सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण ॲरिझोनाच्या वाळवंटातले मृत्यू नैसर्गिक आपत्तीच्या खात्यात टाकण्याची सोय ते ठेवत नाहीत.

आराखडा करणाऱ्यांना कुणाला मारायचे नव्हते, वाळवंट पाहून लोक मागे फिरतील असे त्यांना वाटत होते, असा बचाव केला जातो. सुरुवातीच्या काही वर्षांपुरता तो मान्य करू. पण मे २००१ मध्ये ॲरिझोनातल्या युमाजवळ एकाच गटातले चौदा जण उन्हाने मेले. २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण संस्थेने अहवाल दिला, की १९९५ पासून सीमेवरचे मृत्यू दुपटीने वाढले आणि त्यातली बहुतेक वाढ ॲरिझोनातल्याच टुसॉन विभागातली आहे. म्हणजे कयास चुकला हे सरकारला सरकारी अहवालानेच कळवले होते, तरी धोरण बदलले नाही. १९९८ ते २०१९ या काळात गस्ती दलाच्या स्वतःच्या मोजणीत ७,८०० च्या आसपास मृत्यू आहेत, आणि ही मोजणी अपुरी असल्याचे सगळेच मानतात.

हे मरण कसे येते, ते नीट पाहायला हवे. वाट कित्येक दिवसांची, उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर. एका गॅलनच्या कॅनमध्ये पावणेचार लिटर पाणी मावते आणि माणसाला उचलून नेता येतात असे दोनच. तेवढ्या पाण्यात दुसरा दिवससुद्धा जेमतेम निघतो. उन्हात चकाकून दिसू नये म्हणून कॅन काळ्या प्लॅस्टिकचे, पावले उमटू नयेत म्हणून बुटांवर गालिच्याच्या कापडाच्या खोळी. टुसॉनच्या पिमा काउंटी शवचिकित्सा कार्यालयात असे मृतदेह येतात, तेव्हा कधी कमरपट्टीत शिवलेला एखादा फोन नंबर हाच ओळखीचा दुवा असतो. २००० पासून आलेल्यांपैकी हजाराहून अधिक मृतांना अजून नाव मिळालेले नाही. या वाटेवर पाणी ठेवणाऱ्या ‘नो मोअर डेथ्स’ संघटनेचा एक स्वयंसेवक, पेशाने भूगोलाचा शिक्षक, दोन स्थलांतरितांना आसरा दिल्याबद्दल २०१८ मध्ये पकडला गेला. २०१९ मध्ये पहिल्या खटल्यात ज्युरींचे एकमत झाले नाही, दुसऱ्यात तो निर्दोष सुटला. तहानलेल्याला पाणी आणि आसरा देण्यासाठी दोनदा खटल्याला उभे राहावे लागते, यावरून सीमेचे किती लष्करीकरण झाले आहे ते कळते.

हे लष्करीकरण आकड्यांतही दिसते. १९९३ मध्ये गस्ती दलात सुमारे चार हजार जवान होते, २०११ मध्ये एकवीस हजारांवर गेले. १९९७ मध्ये टेक्सासच्या रेडफर्डमध्ये शेळ्या राखणारा अठरा वर्षांचा अमेरिकी मुलगा सीमेवर तैनात मरीन सैनिकांच्या गोळीने मेला. २००६ च्या कायद्याने शेकडो मैल कुंपण उभे राहिले. पुढे तोहोनो ओओधाम या आदिवासींच्या जमिनीवर टेहळणीचे मनोरेही आले.

सीमा राखणे हा कोणत्याही देशाचा हक्क आहे, हा आक्षेप रास्तच आहे. पण या पद्धतीने ती राखली गेली का? समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांचे संशोधन उलटे सांगते. पूर्वी मेक्सिकोचे मजूर हंगामापुरते येत आणि घरी परतत. ओलांडणे जिवावरचे आणि महाग झाल्यावर त्यांनी परतणेच सोडले. १९९० मध्ये अमेरिकेत विनापरवाना राहणारे सुमारे ३५ लाख होते, २००७ मध्ये १ कोटी २२ लाख झाले. दोष माणसे सीमेपार नेणाऱ्या दलालांचा, असेही म्हणतात. रस्त्यात माणसे टाकून पळणाऱ्या दलालाचा गुन्हा लहान नाही. पण ज्या वाटा लोक पूर्वी स्वतः चालून जात, तिथे दलालाशिवाय पाऊल टाकता येऊ नये अशी व्यवस्था कुंपणानेच केली. सर्वांत जड आक्षेप ताजा आहे: २०२५ मध्ये सीमेवर पकडल्या गेलेल्यांचा आकडा कित्येक दशकांच्या नीचांकावर आला, म्हणजे सीमेवर नेमलेले सैन्य कामी आले. मात्र उतार २०२४ मध्येच सुरू झाला होता, मेक्सिकोने आपल्या हद्दीत केलेल्या अडवणुकीने आणि आश्रयाचा अर्ज घेणेच जवळपास बंद झाल्याने. छळातून पळून आलेल्याला दारच उघडायचे नाही, असे ठरवल्यावर आकडा घटणारच. त्याला यश म्हणायला मी तयार नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचाही नाही. जून २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या लुकव्हिलजवळ सहा वर्षांची भारतीय मुलगी उन्हाने मेली; आई पाणी शोधायला गेली होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्करी विमान १०४ भारतीयांना, त्यांतल्या बहुतेकांना बेड्या घालून, अमृतसरला घेऊन आले. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. त्या बेड्यांवर आपल्या संसदेत आवाज उठला, तो योग्यच होता. या वाटेवर मेलेल्यांची ओळख पटावी आणि त्यांच्या घरच्यांना निरोप तरी मिळावा, यासाठीही तो उठायला हवा.