स्वयंपाकघरातील गमती आणि चटके

शेतात विळा लागला तर गावभर विचारपूस होते. चुलीपाशी हात भाजला तर घरातल्या घरातसुद्धा कोणी विचारत नाही. उलट, "आज भाकरीबरोबर हातही शेकलास वाटतं!" असे म्हणून मंडळी पाटावर बसतात. हसायला हरकत नाही. पण हसण्याच्या भरात उपचार मागे राहतो. म्हणून या वेळी शेताचा बांध ओलांडून स्वयंपाकघरात शिरू या.

पहिला मान मिरचीचा. संकेश्वरी मिरचीची देठे काढून हात नुसत्या पाण्याने धुतले आणि मग डोळा चोळला, तर घरभर नाचायची पाळी येते. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हाताला आधी गोडेतेल चोळावे, मग साबण लावावा. डोळ्यात तिखट गेले असेल तर मात्र तेल नको. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा.

सुरण आणि अळू पाहुण्यांची फजिती करतात. भाजीची तारीफ करता करता पाहुणा घसा खाजवू लागतो! या कंदापानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. चिरताना हाताला तेल लावावे, आणि चिंच किंवा आमसूल घालून भाजी पुरती शिजवावी.

काजू मात्र गमतीची गोष्ट नव्हे. खानापूर, चंदगड आणि गोव्याकडे उन्हाळ्यात घरोघरी काजूबिया भाजतात. टरफलातील तेल कातडीवर पडले तर फोड येतात, कधी जखम चिघळते. भाजण्याचे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. धूर तोंडावर घेऊ नये आणि मुलांना लांब ठेवावे. बिया फोडताना हाताला तेल किंवा राख लावण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. तेल लागलेच तर लगेच साबणाने धुवावे.

नाताळात नेवऱ्या तळताना कढईतले तेल १७०-१८० अंशांपर्यंत तापलेले असते. नेवरीची कड नीट दाबलेली नसली तर ती तेलात उघडते, सारणातील ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि तेल अंगावर उडते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा व्यापते. त्यामुळे तेलाने पेट घेतल्यास त्यावर पाणी कधीही ओतू नये आणि कढई उचलून पळू नये. गॅस बंद करून वर झाकण सरकवावे. चूल असल्यास झाकण ठेवून लाकडे बाहेर ओढावीत.

आता भाजल्यावर काय करावे? घरोघरी उपाय तयार असतात: शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, बटाट्याचा कीस. यांतले काहीही लावू नये. त्याने उष्णता आत कोंडते आणि जखमेत घाण जाते. बर्फही नको. भाजलेला भाग साध्या थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठी काढावी. फोड फोडू नये. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे. भाजलेली जागा रुग्णाच्या तळव्यापेक्षा मोठी असेल, किंवा तोंड, हात, सांधा वा गुप्तांग भाजले असेल, तर दवाखान्यात न्यावे. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावे, वर जाड घोंगडे टाकावे.

सर्वांत मोठा धोका लहान लेकरांना आहे. त्यांची कातडी पातळ असते, म्हणून मोठ्यांना नुसता चटका देणारा चहा त्यांना खोलवर भाजतो. आधणाचे पातेले जमिनीवर ठेवू नये, भांड्याची दांडी आत वळवावी, मूल मांडीवर असताना गरम चहा पिऊ नये. लेकरू भाजले तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावे. वाहन मिळत नसेल तर १०८ वर फोन करावा.

आणि पुरुष मंडळींनो, पुढच्या वेळी चुलीपाशी "आई गं!" ऐकू आले, तर थट्टा नंतर करा. आधी तांब्याभर पाणी घेऊन जा. पहिला तांब्या संपला की दुसरा आणा. वीस मिनिटे भरली पाहिजेत.