मानसिक आजारातून येणारे दिव्यांगत्व : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्किझोफ्रेनियाचे निदान झाले की दिव्यांग प्रमाणपत्र मिळणारच, अशी समजूत अनेक कुटुंबांत आढळते. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार तपासली जाते ती आजारामुळे रोजच्या जगण्यात आलेली अडचण, आणि तिच्या मोजमापासाठी भारतात ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीने तयार केलेल्या या मोजपट्टीत स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांना प्रत्येकी 0 ते 4 गुण असतात (गुण जितके अधिक तितकी अडचण मोठी), आणि त्यांत मागील 2 वर्षांतील आजाराच्या कालावधीचे 1 ते 4 गुण मिळवले जातात. 20 पैकी 7 गुण झाले की 40 टक्के, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, आणि आरक्षणाची पात्रता तिथून सुरू होते. म्हणूनच एकाच निदानाच्या दोघांपैकी एकाची बेरीज 2 अधिक 4 अशी 6 वरच थांबते, तर दुसऱ्याची 7 अधिक 4 अशी 11 पर्यंत जाते.

चालताबोलता माणूस दिव्यांग कसा, हा प्रश्न त्याहून अधिक घातक आहे, कारण तो मूल्यमापनाच्या वेळी खुद्द नातेवाइकांच्याही मनात असतो. तीनतीनदा सांगितल्यावरच अंघोळीला जाणाऱ्या, कपडे हातात दिल्यावरच ते बदलणाऱ्या मुलाबद्दल आई ‘सगळे स्वतःच करतो’ असे सांगते, आणि तिने वर्षानुवर्षे घेतलेले कष्ट गुणांकनातून गळून पडतात; वास्तविक, कोणती गोष्ट कोणाच्या मदतीने होते हेच तपासणाऱ्याला तपशीलवार सांगायला हवे. ‘काम’ म्हणजे केवळ पगारी नोकरी नव्हे. गृहिणीचे घरकाम आणि विद्यार्थ्याचे शिक्षणही त्यातच मोजले जाते.

बुद्ध्यांकाचा या मोजमापाशी संबंध नाही, कारण बौद्धिक दिव्यांगत्व हा कायद्यात स्वतंत्र प्रकार आहे.

प्रमाणपत्र घेतल्यास मालमत्तेचा किंवा मतदानाचा हक्क जातो, या भीतीपोटी कित्येक जण अर्जच करत नाहीत. ती निराधार आहे: याच अधिनियमाचे कलम 13 दिव्यांग व्यक्तीचा मालमत्ता बाळगण्याचा व वारशाने मिळवण्याचा हक्क मान्य करते, आणि मतदार यादीतून नाव वगळण्यासाठी सक्षम न्यायालयाने ती व्यक्ती विकल मनाची असल्याचे जाहीर करावे लागते, जे कोणत्याही वैद्यकीय मंडळाच्या अधिकारात नाही.